आकडा पुढे, खाली नाही

दहावीला रासायनिक समीकरणांचा धडा आमच्या सरांनी फळ्यावर नाही, तराजूवर सुरू केला. चंबूत सोडियम सल्फेटचं द्रावण, आत दोऱ्याने टांगलेल्या छोट्या नळीत बेरियम क्लोराइड, वर घट्ट बूच. वजन केलं, चंबू कलता केला. आत पांढराशुभ्र साका धरला. पुन्हा वजन केलं, तर काटा जागचा हलला नव्हता.

"काही आलं नाही, काही गेलं नाही. मग कागदावर अणू कमी-जास्त कसे चालतील?" सर म्हणाले. लॅव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ साली आपल्या ग्रंथात हेच मांडलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं.

मग हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होण्याचं समीकरण तोलायचं होतं, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे करायचे. एका वर्गमित्राने पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिला आणि अणू जुळवले. सर म्हणाले, "अरे, पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड केलंस की!" खालचा आकडा पदार्थ कोणता ते सांगतो, पुढचा तो किती ते. सूत्राला हात लावायचा नाही, हा नियम त्या दिवशी वर्गाला कळला.

घरच्या गॅसमधल्या ब्युटेनचं ज्वलन त्यांनी फार सुंदर सोडवून दाखवलं. ब्युटेनमध्ये कार्बन ४, हायड्रोजन १०. म्हणून कार्बन डायऑक्साइडपुढे ४, पाण्यापुढे ५. ऑक्सिजन शेवटी, कारण डावीकडे तो एकटा आहे. त्याचा आकडा बदलला तरी दुसऱ्या कशाला धक्का लागत नाही. उजवीकडे त्याचे ८ आणि ५ मिळून १३ अणू, आणि ऑक्सिजनच्या एका रेणूत २ अणू, म्हणजे साडेसहा रेणू. अर्धा रेणू नको, म्हणून सगळ्याची दुप्पट: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. ताळा केला, दोन्हीकडे ऑक्सिजन २६. हा ताळा सर कधीच चुकवू देत नसत.

पुढे बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, शिकवणं एकदम इंग्रजीत आलं. मराठी शाळांतून आलेली आम्ही मुलं बावरलो होतो, पण फळ्यावर समीकरण उमटलं की जीव भांड्यात पडे.

आज मी आपल्याच जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. मळीतल्या साखरेपासून यीस्ट अल्कोहोल बनवतं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे २ आणि कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू. म्हणजे १८० किलो ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ९२ किलो अल्कोहोल, उरलेले ८८ किलो वायू. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतं, कारण यीस्ट स्वतःच्या वाढीलाही साखर वापरतं. पण किती कमी, आणि ते चालण्यासारखं आहे का, हे त्या ९२ शी ताडूनच ठरवतो. समीकरण तोललेलं नसेल, तर ताडायचं कशाशी?

शाळेला माझी एक विनंती आहे. हा धडा सुरू करण्याआधी मुलांच्या हातात तराजू द्या. बूच लावलेल्या चंबूचं वजन त्यांना स्वतः करू द्या. तराजूचा खर्च आमची बॅच आनंदाने उचलेल.