दर वळणावर चोवीस

बॉस्टनच्या एका सरकारी शाळेत मी सहावीला गणित शिकवते. इतिहासाच्या सहलीशी माझा काही संबंध नव्हता, पण आयत्या वेळी एक शिक्षक आजारी पडले आणि मला जावं लागलं. काम एकच : दर वळणावर मुलं मोजायची. चोवीस.

बीकन हिल म्हणजे आता विटांची देखणी, महागडी घरं. त्याच्या उत्तर उतारावर एकोणिसाव्या शतकात कृष्णवर्णीयांची वस्ती होती, हे तिथून शंभरदा जाऊनही मला ठाऊक नव्हतं. स्टेट हाउससमोर 54व्या रेजिमेंटच्या, म्हणजे यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीच्या, शिल्पापाशी मुलं जांभया देत होती. फिलिप्स स्ट्रीटच्या 66 नंबरपुढे मात्र खडबडून जागी झाली. इथे लुइस आणि हॅरिएट हेडन राहायचे, स्वतः केंटकीच्या गुलामगिरीतून निसटलेले. 1850 मध्ये गुलामगिरीतून पळून आलेल्या एलन आणि विल्यम क्राफ्ट या जोडप्याला पकडून न्यायला जॉर्जियाहून माणसं आली, तेव्हा विल्यम याच घरात लपला होता. हेडननी बंदुकीच्या दारूची पिंपं ठेवून घर उडवायची धमकी दिली होती, असं सांगतात. पोरं खूश!

शेवटचा थांबा स्मिथ कोर्ट. चिंचोळी गल्ली, तिच्यात 1806 चं आफ्रिकन मीटिंग हाउस, कृष्णवर्णीयांचं चर्च. मुलांनी डबे उघडले. आमच्या वाटाड्या रेंजर सांगू लागल्या : या इमारतीच्या तळघरात कृष्णवर्णीय मुलांची शाळा भरायची. विल्यम नेल हा तिथला हुशार विद्यार्थी. 1829 मध्ये तो हुशार विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या फ्रँकलिन पदकाला पात्र ठरला. गोऱ्या मुलांना पदकं मिळाली, वर फॅन्युल हॉलमध्ये मेजवानी. नेलच्या हाती बेंजामिन फ्रँकलिनचं चरित्र टेकवलं, आमंत्रण नाहीच. मग त्यानं एका वाढप्याला गळ घातली आणि वाढपी होऊन आत शिरला. एक बडा पाहुणा त्याच्या कानात म्हणाला, तू खरं तर त्या मुलांबरोबर बसायला हवास. नेलच्या मनात आलं, मग तुम्हीच का नाही काही केलंत?

बक्षीस समारंभाच्या याद्या मीही करते. माझा घास हातातच राहिला.

पुढे नेलनं अर्ज, सह्या, बहिष्कार करत कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा लढा वर्षानुवर्षं लावून धरला आणि 1855 मध्ये मॅसॅच्युसेट्सनं अशा शाळा कायद्यानं बंद केल्या. पण मुलांचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मेजवानीतच अडकली होती.

"मी असतो तर ताटं फेकली असती."

"मग तुला आत कोणी घेतलं असतं?"

एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "पण त्याला जेवायला मिळालं का?"

रेंजर थांबल्या. "मला नाही माहीत," म्हणाल्या.

निघताना मोजली तर तेवीस. मागे वळून पाहिलं. ती मुलगी अजून गल्लीतल्या 3 नंबरच्या घरापुढे उभी होती. मोठेपणी नेल तिथे राहायचा.