विडीवाल्या आईचा पीएफ

दुपारी दोनला पार्सल आलं. पोरगं घामानं निथळत होतं. सोलापूरचं ऊन, त्यात कंपनीचा सेल सुरू.

पाणी दिलं. पिता पिता म्हणाला, "काकू, आई विड्या वळती, तिचा पीएफ हाय. माझा न्हाई. मी पार्टनर हाय म्हणं."

पार्टनर! हा शब्द डोक्यातून जात नाहीये.

विडी कामगारांचा कायदा १९६६ चा. घरी बसून वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार ठरली. लाल बावट्याखाली चालणाऱ्या त्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. या पोरासारख्या, ॲपवरून काम मिळणाऱ्या गिग कामगारांचं नाव कायद्यात आलं ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. ॲपच्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत द्यायचे, असं त्यात आहे. पीएफची सक्ती मात्र नाही.

विक्रीचे आकडे अभिमानानं छापून येतात. मग या पोराला नुसतं 'कामगार' म्हणायला एवढं जड का जातं?