सायकलवर खर्च कोणत्या क्रमाने करावा

नियमित सायकल चालवायला लागून काही काळ गेला की सायकलीत सुधारणा करण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि बहुतेकांची नजर प्रथम हलक्या चाकांकडे किंवा कार्बनच्या सुट्या भागांकडे जाते. माझे मत असे आहे की हा क्रम उलटा आहे. शरीराचा सायकलीशी जिथे संबंध येतो त्या जागा प्रथम सुधाराव्यात, त्यानंतर टायर आणि चेन, मग आपल्या पायांना झेपतील असे गिअर, त्यानंतर घरातील सरावाची व्यवस्था, आणि वजन कमी करण्याचा विचार अगदी शेवटी करावा. हा क्रम आवडीनिवडीचा नाही; पॅडलवर लावलेली ताकद नेमकी कुठे खर्च होते याच्या साध्या हिशोबातून तो येतो.

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतांश ताकद हवा कापण्यात जाते. हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग ताशी २५ वरून ३० किलोमीटरवर न्यायचा असेल, तर केवळ हवेसाठी सुमारे ७० टक्के अधिक शक्ती लागते. या विरोधाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सायकलीमुळे नव्हे, तर तिच्यावर बसलेल्या शरीरामुळे निर्माण होतो. वजनाचा प्रश्न येतो तो चढावर. सायकल आणि स्वार मिळून ८४ किलो वजन असेल आणि त्यातील पूर्ण एक किलो कमी केले, तर तासाभराच्या चढाईत साधारण ४० सेकंद वाचतात. शर्यतीत उतरणाऱ्याला हे ४० सेकंद मोलाचे असतील. पण इतरांनी एवढ्यासाठी सर्वांत महागड्या वस्तूंपासून सुरुवात करावी, असे मला वाटत नाही. त्याऐवजी कोपर थोडे वाकवून, खांदे खाली ठेवून आणि अंगासरशी जर्सी घालून हवेचा विरोध बराच कमी करता येतो. अट एवढीच, की त्या स्थितीत दीड-दोन तास वेदनेशिवाय बसता आले पाहिजे.

म्हणूनच बसण्याच्या स्थितीला पहिले स्थान द्यावे. सॅडलची, म्हणजे सायकलीच्या सीटची, उंची ठरवण्याची जुनी आणि भरवशाची रीत अशी, की पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ झाला आणि कंबर एका बाजूला कलली नाही, तर उंची साधारण योग्य आहे. नंतर पावलाचा पुढचा भाग पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सॅडल बहुधा खाली असते, मागच्या बाजूला ताण येत असेल तर बहुधा वर. बदल एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा जास्त करू नये, मूळ जागेवर चिकटपट्टीची खूण ठेवावी आणि चार-सहा फेऱ्या त्याच उंचीवर चालवूनच पुढचा निर्णय घ्यावा. दुखणे तरीही टिकून राहिले, तर पुढची मोठी खरेदी करण्याआधी जाणकाराकडून बाइक फिट, म्हणजे शरीराच्या मापांनुसार सायकलीची जुळवणी, करून घेणे अधिक शहाणपणाचे.

सॅडल निवडताना मऊपणा हा निकष मानू नये. शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. सॅडल फार मऊ असेल तर ही हाडे आत रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. त्या दोन हाडांमधील अंतर मोजून सॅडलची रुंदी ठरवणे हाच योग्य मार्ग आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे चांगल्या पॅडची बिब शॉर्ट्स (खांद्यांवरून पट्टे असलेली सायकलिंगची चड्डी), आणि ती अंतर्वस्त्राशिवाय घालण्यासाठीच शिवलेली असते, हे नवख्यांना स्पष्ट सांगावे लागते. सायकलीचा एकही भाग न बदलता लांबच्या फेरीत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

क्लीटच्या, म्हणजे बुटाखालच्या पट्टीने पाऊल अडकवून ठेवणाऱ्या, पॅडलबाबत मी आग्रह धरणार नाही. साध्या सपाट पॅडलवरही उत्तम सायकल चालवता येते. मात्र क्लीटची पॅडल घ्यायची असतील, तर वाटेत चालावे लागणाऱ्यांनी बुटाच्या तळव्यात दडून राहणारे दोन स्क्रूंचे क्लीट घ्यावेत. रोड सायकलिंगचे तीन स्क्रूंचे क्लीट घ्यायचे असतील, तर सुरुवातीला पाऊल थोडे वळू देणारे निवडावेत. शिमानोच्या एसपीडी-एसएल प्रकारात पिवळ्या क्लीटमध्ये ६ अंशांची मोकळीक असते आणि लाल क्लीटमध्ये अजिबात नसते. गुडघ्यांची चाल अजून स्थिरावलेली नसताना लाल क्लीट लावण्याची घाई करू नये.

आता टायर. एकाच खर्चातून वेग, आराम आणि पकड या तिन्ही गोष्टी सुधारणारा सायकलीतला हा बहुधा एकमेव भाग आहे. रस्त्यावर फिरताना टायर सतत दबतो आणि पुन्हा आकार घेतो. या दबण्या-फुलण्यात जी ऊर्जा रबरात विरते तिलाच आपण रोलिंग रेझिस्टन्स म्हणतो. जाड, ताठर टायर आणि पातळ, लवचीक कापडाचा चांगला टायर यांच्यात ताशी ३० किलोमीटरच्या आसपास दोन्ही चाके मिळून १० ते २० वॉटचा फरक सहज पडतो. चाकांच्या महागड्या संचातून इतका लाभ क्वचितच मिळतो. एके काळी २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवण्याची पद्धत होती; पण खडबडीत रस्त्यावर असा टायर दबण्याऐवजी संपूर्ण सायकलीला आणि स्वाराला उसळवतो, आणि ती उसळी म्हणजे वाया गेलेली ताकद असते. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर लावावेत. सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या स्वाराने २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचे एकक) सुरुवात करून, मागच्या चाकात थोडी जास्त व पुढच्यात थोडी कमी हवा ठेवत आपला आकडा शोधावा. हुकलेस, म्हणजे टायरची कड अडकवणारी आतली धार नसलेली, रिम असेल तर ७२.५ पीएसआय, म्हणजे ५ बार, ही कमाल मर्यादा आहे. अशा रिमसाठी मान्य असलेलाच टायर लावावा. ही सुरक्षिततेची बाब आहे आणि तिथे तडजोड नको.

ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरबद्दल माझे मत मर्यादित आहे. काटे आणि बारीक काचांमुळे वारंवार पंक्चर होत असेल, तर आतल्या सीलंट या चिकट द्रवामुळे लहान छिद्रे जागीच बुजतात आणि हा मोठाच दिलासा आहे. पण सीलंट काही महिन्यांत सुकते आणि ते पुन्हा भरण्याची शिस्त पाळावी लागते. ती पाळायची नसेल तर चांगला टायर आणि हलकी ट्यूब हीच जोडी बरी.

टायरनंतर चेन, कारण इथे दुर्लक्षाची किंमत पुढे कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आणि चेनरिंग (पॅडलजवळचे दातेरी चक्र) या दोघांना मोजावी लागते. चेनच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते. पिना आणि त्यांच्या बैठका झिजल्या की हे अंतर वाढते आणि चेन 'ताणली' असे आपण म्हणतो. झीज मोजण्याचे छोटे हत्यार मिळते. ११ आणि १२ स्पीडची (मागे तितकी चक्रे असलेल्या सायकलीची) चेन ०.५ टक्के झिजताच बदलावी, कमी स्पीडच्या चेनला ०.७५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. हत्यार नसेल तर पोलादी पट्टीने १२ इंचांचे अंतर मोजावे. पट्टीच्या १२ इंचांच्या खुणेपासून पिन एक षोडशांश इंच पुढे सरकलेली दिसली, म्हणजे झीज ०.५ टक्क्यांवर पोहोचली आहे. तेल थेंबाथेंबाने कड्यांच्या आतल्या रोलरवर सोडावे आणि बाहेरचे पूर्णपणे पुसून काढावे, कारण बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि तीच धूळ पुढे घासकागदाचे काम करते. वितळवलेल्या मेणात चेन बुडवण्याची पद्धत सर्वांत स्वच्छ आहे, पण आधी चेनवरील कारखान्यातले ग्रीस शेवटच्या कणापर्यंत काढावे लागते. ज्यांना हे जमेल त्यांनी ती जरूर स्वीकारावी.

गिअरच्या बाबतीत पुष्कळ जण स्वतःवर अन्याय करतात, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते. समजा, पुढची लहान चेनरिंग ३४ दात्यांची आणि मागे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे आहे. मिनिटाला ८० फेऱ्यांच्या गतीने पॅडल मारले तर सायकल ताशी सुमारे १२ किलोमीटर वेगाने चालते. आठ टक्के चढावर मघाच्याच ८४ किलोसाठी त्याला जवळजवळ २४५ वॉट लागतात. मागचे चक्र ३४ दात्यांचे केले तर त्याच ८० फेऱ्यांत वेग ताशी १० किलोमीटर होतो आणि सुमारे २०० वॉट पुरतात. ज्याला तासभर २०० वॉटच झेपतात, त्याने २८ दात्यांच्या चक्रावर अडून बसण्याचा अर्थ मिनिटाला पासष्ट फेऱ्यांवर घसरून गुडघ्यांवर ओझे टाकणे असा होतो. मोठी कॅसेट म्हणजे दुर्बलतेची कबुली, हा समज सोडून द्यावा; व्यावसायिक सायकलपटूही आता उंच घाटांसाठी ती वापरतात. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दात्यांचे चक्र पेलू शकतो हे आधी तपासावे, आणि कॅसेट बदलताना चेनची लांबीही नव्याने मोजावी.

ब्रेकबाबत थोडक्यात: पॅड संपेपर्यंत थांबू नये, डिस्कचे नवे पॅड लावल्यावर मध्यम वेगावरून पुन्हा पुन्हा हळुवार ब्रेक लावून ते रुळवावेत, आणि मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट हा वेगळ्या प्रकारचा ब्रेक द्रव कधीही घालू नये. हेल्मेटवर जोराचा आघात झाला असेल तर वरून तडा दिसत नसला तरी ते बदलावे.

हे सर्व झाल्यावर हाती पैसे उरत असतील, तर मी ते चाकांऐवजी घरातील ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या साधनावर, खर्च करीन. रोलर, मागचा टायर दाबून चालणारा ट्रेनर आणि मागचे चाक काढून बसवायचा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर, असे तीन प्रमुख प्रकार आहेत. रोलरवर तोल आणि पॅडलची सफाई उत्तम शिकता येते, पण जोरकस इंटरव्हलसाठी (जोर आणि विसावा आलटून पालटून करण्याच्या सरावासाठी) ते सोयीचे नाहीत. टायरवर चालणाऱ्या ट्रेनरमध्ये टायर झिजतो, घसरतो आणि त्याच्या दाबानुसार आकडेही बदलतात. डायरेक्ट ड्राइव्ह शांत असतो आणि चांगल्या यंत्रात शक्तीचे मोजमाप १ ते २ टक्क्यांच्या फरकाने अचूक येते. स्वतंत्र पॉवर मीटरची गरज त्यामुळे पुष्कळदा उरत नाही. खरेदीपूर्वी आपल्या कॅसेटला जुळणारा फ्रीहब (कॅसेट बसते तो भाग), मागचा ॲक्सल (चाकाचा आस) आणि कार्बन फ्रेम असल्यास निर्मात्याची अनुमती या तीन गोष्टी पाहाव्यात.

ट्रेनरच्याही आधी पंखा घ्यावा, आणि तो मोठा असावा. मानवी शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम २० ते २५ टक्के भाग पॅडलपर्यंत पोहोचवते. म्हणजे २०० वॉटने पॅडल मारणारे शरीर त्याच वेळी सुमारे ७०० वॉट उष्णता बाहेर टाकत असते, एखाद्या लहान हीटरइतकी. रस्त्यावर ती वाऱ्याबरोबर निघून जाते. बंद खोलीत ती अंगाभोवतीच राहते, हृदयाचे ठोके चढत जातात आणि तोच सराव अकारण अशक्य वाटू लागतो. घरात वॉट कमी पडतात अशी तक्रार करणाऱ्या अनेकांचा खरा प्रश्न हवेचा असतो.

सरावाची आखणी करण्यासाठी एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी शक्ती, काढून घ्यावी. वीस मिनिटे पूर्ण ताकदीने चालवून आलेल्या सरासरीचे ९५ टक्के ही रूढ पद्धत आहे. आठवड्यातून दोन कठीण सराव पुरेसे आहेत. एक, एफटीपीच्या ९० टक्क्यांच्या आसपास वीस-वीस मिनिटांचे दोन भाग. दुसरा, छोट्या जोरकस तुकड्यांचा. यात नॉर्वेचे संशोधक बेंट रोन्नेस्टाड यांनी अभ्यासलेली ३० सेकंद जोर आणि १५ सेकंद विसावा ही रचना मला सर्वांत परिणामकारक वाटते. तिच्या मूळ रूपात १३ आवर्तनांचे तीन संच असतात, पण नवख्याने एका संचापासून सुरुवात करावी. उरलेले दिवस ५६ ते ७५ टक्क्यांच्या सावकाश सरावाचे. घरात उतार नसतो आणि पॅडल थांबत नाही, त्यामुळे इथला एक तास बाहेरच्या तासापेक्षा जड जातो, हे आखणी करताना लक्षात ठेवावे.

अर्ग मोडमध्ये ट्रेनर ठरलेली शक्ती स्वतःच राखतो. दीर्घ, सलग सरावासाठी ही सोय उत्तम आहे. पण पॅडलची गती घसरली की तो विरोध वाढवत नेतो आणि पाय जागीच अडकतात. अशा वेळी झगडत न बसता तीव्रता उतरवावी, गती नव्वदच्या वर न्यावी आणि मग पुन्हा सुरू करावे. वरच्या ३०-१५ सेकंदांच्या सरावात विरोध बदलायला लागणारे काही क्षणही जास्त होतात, म्हणून तिथे अर्ग बंद ठेवून गिअरनेच काम चालवावे. ट्रेनरवरची ताकद खऱ्या सायकलिंगची नव्हे, असे म्हणणाऱ्यांना मी जेसन ऑसबोर्नचे उदाहरण देतो. मूळचा रोइंगपटू असलेल्या या जर्मन खेळाडूने २०२० मध्ये सायकलिंग ईस्पोर्ट्सची, म्हणजे ट्रेनरवर बसून आभासी रस्त्यावर होणाऱ्या शर्यतींची, पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, टोकियो ऑलिंपिकमध्ये रोइंगचे रौप्यपदक मिळवले, आणि त्यानंतर तो व्यावसायिक रोड सायकलिंगच्या संघात दाखल झाला.

ट्रेनरवर सायकल हलत नसल्याने बैठकीवर एकाच जागी दाब येतो. दर दहा मिनिटांनी थोडा वेळ उभे राहून पॅडल मारावे. आणि घामाकडे दुर्लक्ष करू नये. तो हेडसेटच्या (हँडल फिरते त्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये, स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या भागाच्या) बोल्टमध्ये आणि बार टेपच्या खाली मुरतो. हँडलबारवर टॉवेल टाकावा, सराव संपताच सायकल ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, आणि बार टेप वर्षातून एकदा तरी पूर्ण उतरवून खालचा हँडलबार तपासावा. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले, तर तो हँडलबार पुन्हा रस्त्यावर नेऊ नये.