काठ सोडून खोदा

गोंदिया जिल्ह्यातल्या एका मामा तलावाचा गाळ काढण्याचे काम त्या उन्हाळ्यात माझ्याकडे होते. पदाने मी कनिष्ठ अभियंता असल्यामुळे तलाव माझ्यापुरता पाळ (मातीचा बांध), सांडवा, पाणी सोडण्याचा दरवाजा आणि साठवणक्षमता एवढाच होता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून दोन दिवस झाले होते, पावसाला जेमतेम पंधरवडा उरला होता, आणि पोकलेन सकाळी सहालाच सुरू करून ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त टिप्पर भरायचे, असा आमचा क्रम होता. त्या दिवशी सात वाजता ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला, की ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, बाया मशीनपुढे येऊन बसल्या आहेत.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतले कित्येक गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले, आणि तेही असे, की वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात उतरावे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि पाळीची, गाळाची जी कामे गाव स्वतः करीत असे, ती आमच्यासारख्यांच्या अंदाजपत्रकात जाऊन बसली. अंदाजपत्रकाची भाषा घनमीटरची असते. माझ्या छेदचित्रात तलावाचा तळ एकसारखा एक मीटर खाली गेला होता आणि काठ जवळजवळ उभा कापलेला होता, कारण त्यामुळे कमी जागेत जास्त साठा दिसतो. ते चित्र मीच काढले होते आणि मला ते आवडलेही होते.

मी पोहोचलो तेव्हा दहा-बारा बाया भेगाळलेल्या मातीत पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. चौफेर बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या बचत गटाने तिथली बेशरम, म्हणजे काठावर माजणारे तण, मुळासकट उपटून पाणवनस्पती लावल्या होत्या, हे मला ऐकून ठाऊक होते. पण मे महिन्याच्या अखेरीस तिथे हिरवे असे एक पानही नव्हते, म्हणून ती लागवड वाळून गेली असे गृहीत धरून मी मशीनला त्याच बाजूने आत उतरायला सांगितले होते. तसे मी त्यांना म्हणालोही. त्यावर त्यांच्यातली एक म्हातारी काही न बोलता उठली आणि तिने खुरप्याने भेगेच्या कडेची माती उकरायला सुरुवात केली. वीतभर खाली माती ओलसर लागली आणि तिच्या हातात कुमुदाचा कंद आला, त्याला बोटाच्या पेराएवढा पांढुरका कोंब फुटलेला. शेजारून तिने आणखी थोडी माती काढून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यात हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीच्या वाटाण्याहून लहान गाठी होत्या. पाणी आटले की ही झाडे वरून मरतात आणि खाली या गाठींच्या रूपाने वाट पाहतात, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते, हे सांगायला आज संकोच वाटत नाही.

“साहेब, मासोळी खोल पान्यात राह्यते, पर अंडे तं काठाच्या गवतातच देते,” आजी म्हणाल्या. “काठ सोडून खोदा.”

मशीन बंद होते आणि चालक सावलीला गेला होता, म्हणून मी सहज पोकलेनने आदल्या संध्याकाळी कापलेल्या भिंतीजवळ गेलो. वरचा थर राखाडी आणि कोरडा होता, त्याखालचा मात्र काळाभोर, आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. हा वास गाळ काढणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा असतो, पण त्याचा अर्थ आम्ही कधी लावत नाही. पाण्याखालच्या चिखलात हवा पोहोचत नाही. त्यामुळे मेलेल्या पाणवनस्पती आणि ओढ्यातून वाहून आलेला पालापाचोळा पूर्ण कुजत नाही, आणि त्यांतला कर्ब वर्षानुवर्षे तिथेच दबून राहतो. जगभरातल्या पाणथळ जागा जमिनीचा लहानसाच हिस्सा व्यापतात, पण मातीतल्या कर्बाचा त्यांच्याकडचा वाटा क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी मोठा आहे तो याच कारणाने. तो काळा थर उन्हात उघडा पडला, की सूक्ष्मजीव त्याचा कार्बन डायऑक्साइड करू लागतात. म्हणजे आठवडाभर मी जे घनमीटर अभिमानाने मोजत होतो, त्यांतला काही भाग टिप्परमध्ये न जाता हवेत जात होता.

इथे भाबडेपणाही नको. तलाव म्हणजे कर्बाची नुसती तिजोरी नव्हे. त्याच हवाबंद चिखलात मिथेनही तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. आपल्या धानाच्या भरलेल्या बांध्याही तो सोडतात, आणि कमळासारख्या वनस्पतींच्या पोकळ देठांतूनही तो वर येतो. परंतु शेतातले युरिया आणि फॉस्फेट वाहून येऊन ज्या तलावाचे पाणी हिरव्या सायीने झाकले जाते, तिथे मिथेन अधिक सुटतो. उलट तळाशी मुळे धरणाऱ्या वनस्पती ही खते शोषून घेतात, गाळ धरून ठेवतात आणि पाणी निवळ राखतात. तेव्हा “तलाव भरा, हवामान वाचवा” अशा घोषणेवर माझा विश्वास नाही. कोणता तलाव, आणि त्याचा काठ कसा, हे विचारल्याशिवाय त्या घोषणेला अर्थ येत नाही. पाऊस आता थोड्या दिवसांत धो-धो पडून मोकळा होतो, आणि तशा पावसाचे पाणी अडवायला तलावांची ही साखळीच उपयोगी पडते. मात्र उभ्या कापलेल्या काठाची माती पहिल्याच जोराच्या पावसात पुन्हा तळात येऊन बसते.

नऊ वाजेपर्यंत शेतकरीही जमले. गाळ घेण्यासाठी त्यांचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि त्यांचा राग रास्त होता, कारण तलावाचा गाळ पडलेल्या बांधीत धान चांगले येते आणि रोवणीपूर्वी तो पसरला नाही, तर वर्ष जाते. दीड तास वादावादी चालली. त्यात मला दोन्ही बाजूंनी बरेच ऐकावे लागले. शेवटी मी डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजण्याची दुर्बीण, लावली आणि त्या बायांनाच काठावरून चालायला सांगितले. जिथपर्यंत देवधान, म्हणजे रानटी धान, उगवते, जिथे कुमुद, जिथे हायड्रिला, त्या त्या ठिकाणी त्या थांबत गेल्या आणि मी चुन्याने खुणा करीत गेलो. उतरत्या पातळीवर त्या खुणांचे पट्टे इतके नीट पडले, की मला माझ्या छेदचित्राची लाज वाटली. खोदकाम मधल्या खोल भागातच करायचे, काठाचा उतार तसाच ठेवायचा, आणि मशीन पाळीच्या बाजूने उतरवायचे असे ठरले. शेतकऱ्यांना गाळ कमी मिळाला, पण मिळाला.

कार्यालयात मात्र मंजूर परिमाणापेक्षा काम कमी का, याचा खुलासा मला दोनदा द्यावा लागला. मोजमाप पुस्तिकेत खोदलेल्या मातीसाठी रकाना असतो, न खोदलेल्या मातीसाठी नसतो. म्हणून मी तो भाग शेरा म्हणून लिहिला. वरिष्ठांनी त्याखाली नुसती सही केली.

पुढच्या कार्तिकात मी पाळीवर गेलो, तेव्हा चुन्याचे पट्टे होते तिथे कुमुदाची पाने पसरली होती, आणि उथळ पाण्यात मरळ माशाच्या पिल्लांचा लालसर थवा वरखाली होत होता. मशीन अडण्यापूर्वी त्या सकाळी पोकलेनने काठातून भरलेल्या चार टिप्परांची जागाही तशीच दिसत होती. तिथे पाणी एकदम कमरेइतके खोल जाते, तळात काही उगवत नाही, आणि कापलेल्या कडेवर बेशरम पुन्हा फुटली आहे. बाया ती दर उन्हाळ्यात उपटतात. त्यांच्या या मजुरीसाठी बाब कुठे दाखवावी, हे मी अजून शोधतो आहे.