उत्पादक वायू, जल वायू आणि आमचा फर्ग्युसन

नववीच्या विज्ञानाच्या वहीतलं एक पान माझ्याकडे अजून आहे. साल १९७६. पानावर शाईने काढलेली भट्टीची आकृती आणि खाली दोन मथळे : 'उत्पादक वायू' आणि 'जल वायू'. सरांनी फळ्यावर काढली तशी मी उतरवून घेतली, परीक्षेला येणार म्हणून पाठ केली, आणि त्या वर्षी ती आलीच नाही. चौदा वर्षांनी आली, ती आमच्या शिवारात.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. भाताचं रान. सुगी उरकली की ओल उडायच्या आत नांगर घालून मसूर-हरभरा टाकायचा. आठ दिवस उशीर झाला की ढेकळं दगडासारखी होतात. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एक जुना राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टर घेतला होता. पेट्रोलवर चालू करायचा आणि इंजिन तापलं की रॉकेलवर घ्यायचा, अशा जातीचा. ताकद पंचवीसेक घोड्यांची. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं आणि इकडे आमच्या खेड्यात रॉकेलचे हाल सुरू झाले. रेशनवर मिळेल ते घरच्या स्टोव्हला आणि कंदिलाला. त्यातला थेंब ट्रॅक्टरला देणं अण्णांना मान्य नव्हतं. "पोरं कंदिलावर अभ्यास करतात, ते रॉकेल रानात ओतायचं नाही," एवढंच म्हणाले.

भात कापून झालं होतं आणि ट्रॅक्टर गोठ्यात उभा होता. तेव्हा मला ते पान आठवलं.

धडा शिकवताना सरांनी पुस्तकाबाहेरचं एक सांगितलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडच्या प्रवासी मोटारी कोळशाच्या गॅसवर धावत. मागे एक उंच टाकी बसवलेली असे आणि निघायच्या आधी क्लीनर तिचा पंखा फिरवत बसे. युरोपात तर इम्बर्ट नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकातच लाकडावर चालणारी अशी भट्टी तयार केली होती. सर सांगत असताना वर्ग गप्प होता. आपल्या शाळेत हे सगळं मराठीत कानावर पडलं, ज्या भाषेत घरी चुलीबद्दल बोलायचो त्याच भाषेत, म्हणून ते डोक्यात राहिलं असं मला आजही वाटतं.

तत्त्व साधं आहे. कोळशाचा जाड थर पेटवायचा आणि त्याला हवा मोजकीच द्यायची. हवा शिरते तिथे कोळसा पुरता जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तोच वायू पुढच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि हा मोनॉक्साइड जळतो. बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त नुसता नत्रवायू असतो, कामाचा मोनॉक्साइड तीस टक्क्यांच्या आत-बाहेर. म्हणून इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटते. हा गॅस सावकाश जळतो, म्हणून ठिणगीही थोडी आधी पाडावी लागते.

बेळगावात उद्यमबागेत एक वेल्डर ओळखीचे होते. ते कन्नड बोलत, मी मराठी, आणि मध्ये दोन्हींची मिसळ. दोनशे लिटरचं जुनं पिंप, वर घट्ट बसणारं झाकण, बुडाशी एका बाजूने हवेची लोखंडी नळी आणि समोरच्या बाजूने गॅस निघायची वाट, एवढं त्यांनी करून दिलं. इंजिनाच्या ओढीनेच हवा आत येते. गॅस आणि हवा साधारण सारखी मिसळावी लागते, त्यासाठी कार्ब्युरेटरच्या अलीकडे नळीचा टी-आकाराचा जोड आणि दोन कॉक बसवले. सुरुवातीला ओढ देण्यासाठी लोहाराच्या भट्टीचा हातपंखा मागून आणला.

कोळसा आमच्याच बांधावरच्या बाभळीचा, आणि हॉटेलांतून गोळा केलेल्या करवंट्यांचा. जंगलातलं लाकूड घ्यायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. मातीखाली भाजला तर एक किलो कोळशाला चार-पाच किलो लाकूड जातं. हा हिशेब ज्याने केला नाही त्याने या वाटेला जाऊ नये. कोळसा सुपारीएवढा फोडायचा आणि चाळून भुगा काढून टाकायचा. आई आणि वहिनी चाळणी घेऊन बसायच्या, कोपरापर्यंत हात काळे.

पहिल्या दिवशी नळीपाशी पलिता धरला, पंखा फिरवला, आणि दहाएक मिनिटांनी बाहेरच्या तोंडाशी काडी लावली. निळी ज्योत उभी राहिली. मग इंजिनही धरलं. अण्णा बांधावर उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळं थंडावलं. पिंप उघडून बघतो तर हवेच्या नळीचं टोक मेणासारखं ओघळलेलं. नवी नळी घातली, तीही तीन दिवसांत गेली. तोंडापाशी आच हजार अंशांच्या कितीतरी वर जाते, साधं लोखंड तिथे टिकत नाही.

ती वितळलेली नळी पिशवीत घालून मी सरांच्या घरी गेलो. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती. त्यांनी नळी उजेडात धरून खूप वेळ फिरवून पाहिली. मग विचारलं, "त्या पानावर दुसरा मथळा कोणता होता?"

मी म्हणालो, "जल वायू, सर."

"मग तो का सोडलास?"

तापलेल्या कोळशावर वाफ सोडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात, आणि ही क्रिया उष्णता खाते. म्हणजे नळीची आच उतरते आणि वर हायड्रोजनही मिळतो. वहीत मी दोन्ही वायू वेगवेगळे लिहिले होते. एका पिंपात ते एकत्र नांदतात हे त्या संध्याकाळी कळलं. सलाईनची वापरलेली नळी आणली, चाकाने थेंब कमी-जास्त करता येतात तीच, आणि हवेच्या वाटेत पाण्याचे थेंब सोडले. थेंब जास्त झाले तर विस्तव मरतो, कमी पडले तर लोखंड वितळतं. दोन दिवसांत हात बसला. त्यानंतर तीच नळी हंगामभर टिकली.

गाळणीचं काम मात्र शेवटपर्यंत सोपं झालं नाही. राख इंजिनात गेली तर पिस्टनच्या रिंगा खाऊन टाकते. आधी गॅस गोल फिरवून जड राख खाली पाडायची, मग लांब नळीतून थंड करायचा, मग पिंजर, म्हणजे पेंढा, भरलेल्या डब्यातून आणि शेवटी धोतराच्या चार पदरी कापडातून न्यायचा. कापड रोज संध्याकाळी झटकावं लागे. तासाला सात-आठ किलो कोळसा लागायचा, आणि गिअर एक खालचा. पण ओल उडायच्या आत पेरणी झाली.

आता जे सांगतो ते तरुणांनी नीट वाचावं. डिसेंबरातल्या एका रात्री काम संपवून ट्रॅक्टर गोठ्यात लावला. पिंप गरम होतं. धाकटा भाऊ ऊब मिळते म्हणून दार लोटून शेजारी बसला. तासाभराने आई जेवायला बोलवायला गेली तर तो भिंतीला टेकून, ओठ हलत होते पण शब्द नव्हता. इंजिन बंद झालं तरी निखारे जिवंत असतात आणि फटीतून गॅस झिरपत राहतो. त्याला अंगणात ओढून काढलं, जीप करून दवाखान्यात नेलं, प्राणवायू लावला. सकाळी त्याने चहा मागितला तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. कारण हे मला माहीत होतं. त्याच तासाला सरांनी बजावलं होतं : या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्त प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. वहीत त्या ओळीखाली मी दोन रेघाही मारल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर उघड्या आभाळाखाली. काम संपलं की आधी हवेची नळी बंद, मग गॅसचा कॉक, आणि पिंप गार होईपर्यंत जवळ कुणी थांबायचं नाही.

दोन हंगाम आम्ही असे काढले. डिझेल ट्रॅक्टरला हे जमेल का, असं पुष्कळ जण विचारायला आले. त्याला ठिणगी नसते, त्यामुळे पेट घ्यायला थोडं डिझेल द्यावंच लागतं. पण बरंचसं वाचतं. पुढे रॉकेल सुरळीत झालं, मग डिझेलचा नवा ट्रॅक्टर आला आणि फर्ग्युसन मागे पडला.

शाळेच्या महोत्सवासाठी मी तो फर्ग्युसन पुन्हा चालू केला आहे. करवंटीचा कोळसा चाळून ठेवला आहे, गाळणीला नवं धोतर फाडलं आहे. सर आता नाहीत. त्यांच्या सूनबाई येणार आहेत. मुख्याध्यापकांना एकच विनंती केली आहे : ट्रॅक्टर मैदानाच्या मधोमध उभा करू द्या, व्हरांड्याजवळ नको, आणि नववीच्या मुलांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा.