प्रतिवादी क्रमांक ४ : वाटपाच्या दाव्याचं समन्स आलं तेव्हा

आत्याने वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा लावला आणि त्यात मी प्रतिवादी क्रमांक ४ झाले. कोर्टाचे बेलीफ समन्स घेऊन आले तेव्हा दादाचा सल्ला तयार होता : "सही करू नकोस, परत पाठव." हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो घातक आहे. समन्स नाकारलं तर बेलीफ त्याची प्रत दारावर चिकटवतो, तसा अहवाल कोर्टाला देतो आणि कोर्टाची खात्री पटली की बजावणी झाली असंच धरलं जातं. आपण घरात नसलो आणि लवकर भेटण्याची चिन्हं नसली, तर घरातल्या सज्ञान माणसाकडेही ते देता येतं. मी सही केली, खाली तारीख घातली आणि माझ्याकडच्या प्रतीवरही तीच तारीख लिहून ठेवली. पुढचा सगळा हिशेब तिच्यापासूनच चालतो.

नातेवाइकांचे फोन सुरू झाले. आत्याने तुझ्यावर केस केली म्हणजे काय! खरं तर वाटपाच्या दाव्यात सगळ्या सहहिस्सेदारांना पक्षकार करावंच लागतं. माझं नाव आलं ते हिस्सा आहे म्हणून. हे समजल्यावर माझी अर्धी धास्ती गेली.

कागदावर कोर्टाचं नाव, मुकदमा नंबर, हजर राहायची तारीख आणि शिक्का होता. हल्ली खोट्या नोटिसा मोबाइलवर फिरतात, म्हणून ई-कोर्ट्सच्या ॲपवर नंबर टाकून पाहिला. दावा तिथे होता, पुढची तारीखही जुळली. समन्ससोबत दाव्याची प्रत यायलाच हवी. ती आली होती, आणि तिच्यामागे एक वेगळा अर्जही होता : निकाल लागेपर्यंत कोणी जमीन विकू नये, म्हणून तूर्तातूर्त मनाईचा. कोर्टात सगळे त्याला 'निशाणी ५' म्हणतात.

इथे लोकांचा घोळ होतो. समन्सवरची तारीख असते हजर राहण्याची. लेखी कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, मुदत वेगळी : समन्स मिळाल्यापासून ३० दिवस. कारण पटलं तर कोर्ट ते नोंदवून बजावणीपासून ९० दिवसांपर्यंत वेळ देऊ शकतं, पण त्या भरवशावर बसू नये. निशाणी ५ ला वेगळं म्हणणं द्यावं लागतं आणि त्यावरचा आदेश कैफियतीच्या आधीही होऊ शकतो.

वकील मी स्वतः लावला. माझी चुलत बहीण, तीही प्रतिवादीच, तालुका विधी सेवा समितीकडे गेली. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तिथे जाईपर्यंत तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

कैफियतीचा मसुदा आला आणि मी चक्रावले. "वादीची कथने खोटी व लबाडीची असून या प्रतिवादीस मान्य व कबूल नाहीत." छापील साचाच! त्यात वंशावळही नाकारली होती, म्हणजे आजोबाही खोटे ठरले असते. आत्याला हिस्सा आहे हे मला मान्यच होतं. वकील म्हणाले, "मग कलमवार सांगा, काय कबूल, काय नाही." एका संध्याकाळी पेन्सिल घेऊन दाव्याच्या प्रत्येक कलमासमोर खुणा केल्या. वंशावळ कबूल. जमीन एकत्र कुटुंबाची, हेही कबूल. उत्पन्न आम्ही सगळे भाऊ-बहिणी वाटून घेतो, हे नाकबूल. मला कधी काही मिळालेलं नाही. आणि दावा मिळकतीत घातलेला एक गट आईने स्वतःच्या पगारातून घेतलेला होता. तिथे "मान्य नाही" एवढं लिहून भागत नाही. मोघम नकार कोर्ट कबुलीही समजू शकतं. म्हणून खरेदीचं वर्ष, पैसे कुणी दिले आणि खरेदीखत, असं सगळं मांडलं. शेवटी माझाही हिस्सा वेगळा करून मागितला. प्रतिवादीला तो मागता येतो, त्याचा कोर्ट फी स्टॅम्प मात्र भरावा लागतो.

दादाला सगळ्यांची एकच कैफियत हवी होती. उत्पन्नाबद्दल त्याचं आणि माझं म्हणणं एकच नव्हतं, तेव्हा मी वेगळी दिली. तो महिनाभर बोलला नाही.

तारखेचा दिवस अगदीच साधा गेला. पुकारा झाला, वकिलांनी वकीलपत्र आणि निशाणी ५ वरचं म्हणणं दिलं. मनाईला माझी हरकत नव्हती. कैफियत सत्यापन (मजकूर खरा असल्याची सही), प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांच्या यादीसह मुदतीत दाखल झाली, एक प्रत आत्याच्या वकिलांना गेली.

दादा गेलाच नाही. त्याच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश झाला, तेव्हा धावपळ करून त्याने तो रद्द करण्याचा अर्ज दिला. गैरहजेरीचं कारण कोर्टाने मान्य केलं, पण खर्च बसवून. आता मुद्दे निघतील, म्हणजे नेमका कोणत्या प्रश्नांवर वाद आहे ते कोर्ट ठरवेल. माझं लक्ष आईच्या गटावर आहे. तिच्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून वकिलांकडे दिली आहे.