खारा वारा आणि गाडीचा पत्रा
मालवणसारख्या किनाऱ्यावरच्या गावात गाडीला पावसाइतकेच खाऱ्या वाऱ्यापासूनही जपावे लागते, कारण पत्र्यावर बसलेले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंज झपाट्याने वाढवते. माझ्या गाडीच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला मसुराएवढा फुगवटा आला होता. नखाने टोकरताच रंगाची खपली निघाली आणि तांबूस भुगा बोटाला लागला. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंग असा उचलला जातो. त्यावर नुसता रंग मारणे मला मुळीच मान्य नाही. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिशपेपरने घासून, एपॉक्सी प्रायमर, म्हणजे ओलावा रोखणारा अस्तराचा थर देऊन, मगच लांबी (खळगे भरायची पुट्टी) आणि रंग लावावा. दाराखालची पाणी निचरणारी भोके चिखलाने बुजू देऊ नयेत आणि गाडीचा तळ गोड्या पाण्याने नियमित धुवावा.